हिरवळीवरचे खडेमीठ

५ जानेवारी, सोमवार

सोसायटीचे सचिव हर्षद यांनी आज तळमजल्यावरच्या फलकावर सूचना लावली आहे. ती अशी – "दिनांक ३१ डिसेंबर रोजी रात्री काही सभासदांच्या पार्टीत लॉनवर दारू सांडल्यामुळे लॉन जळाले असून कमिटीने याची गंभीर दखल घेतली आहे."

हे वृत्त चूक आहे. तारीख ३१ नव्हे, २७. वार शनिवार. वेळ रात्रीची नव्हे, संध्याकाळची. दिवे लागण्याच्या सुमारास सर्व आटोपले होते. आणि सांडले ते आइस्क्रीमच्या पॉटमधले पाणी. दारूचा थेंबही नव्हता – असता तर हर्षद तेथे अधिक वेळ थांबले असते!

व्याकरणाच्या चुका वेगळ्या. त्या पेन्सिलीने दुरुस्त करून वर आलो.

घडले ते असे. समोरच्या फ्लॅटमधला ह्युबर्ट दरवर्षी नाताळाच्या आठवड्यात लाकडी पॉट खाली आणतो. बोरिवलीतली ही इमारत त्याच्या वडिलांच्या भातशेतावर उभी आहे. त्यामुळे अंगण आपलेच, असे तो समजतो, आणि इतक्या वर्षांत कोणी त्याचा हा समज खोडून काढलेला नाही. पॉटच्या मधल्या डब्यात दूध आणि सीताफळाचा गर, भोवती फोडलेला बर्फ आणि खडेमीठ. मिठाने बर्फ भराभर वितळतो आणि वितळताना दुधातली ऊब ओढून घेतो. सगळी इमारत आळीपाळीने दांडा फिरवते. ज्याचा हात दुखेल त्याने बाजूला व्हायचे. उरलेले खारे पाणी दरवर्षी फाटकाजवळच्या गटारात जाते. यंदा ते गटार नव्या फाटकासाठी नोव्हेंबरातच काँक्रीटने बुजवलेले. गर्दी मोठी म्हणून पॉटही तीन. ह्युबर्टने तिन्ही हिरवळीवर उपडे केले. वर उरलेल्या मिठाचे अर्धे पोते रात्रभर तिथेच विसरला. दव पडले, पोते पाझरले.

आज हिरवळीवर तपकिरी डाग आहेत. त्यांतला एक लांब, ओघळासारखा, थेट बाकापर्यंत गेलेला.

६ जानेवारी, मंगळवार

गवताबद्दल इतके का लिहिले, तेही लिहून ठेवतो.

प्रेमाचे – माझ्या पत्नीचे – खुब्याचे हाड ऑगस्टमध्ये मोडले. न्हाणीघरातली ओली फरशी. शस्त्रक्रिया चांगली झाली. हाड जुळले, भीती मोडली नाही. फरशी दिसली की तिचा पाय उचलत नाही. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत जाते, तेही वॉकर घेऊन आणि शिवाय माझा हात धरून. हिरवळीवर मात्र वॉकर सोडते. व्यायाम शिकवायला येणारी श्रुतिका तिला म्हणाली होती, "काकू, इथे पडलात तरी गवतावरच पडाल ना!" हा युक्तिवाद प्रेमाला पटला. नोव्हेंबरपासून रोज संध्याकाळी अनवाणी, माझ्या दंडाला धरून, बाकापर्यंत आणि परत. डिसेंबरात दंडही सोडला.

आज हर्षदनी हिरवळीभोवती लाल-पांढरी फीत बांधली. प्रेमा लिफ्टमधून बाहेर आली, फीत पाहिली, म्हणाली, "चला वर."



८ जानेवारी, गुरुवार

फलकावर माझे स्पष्टीकरण लावले. तारीख, वेळ, पदार्थ, मिठाचे अंदाजे वजन, बुजवलेले गटार – सर्व. एक पान. एकही खाडाखोड नाही.

संध्याकाळी ह्युबर्ट आला. दारातच उभा राहिला.

"गुणाजी, हे तू माझ्या बाजूने लिहिलंस ना रे?"

"मी घडले ते लिहिले."

"दारूचं कोण प्रूव्ह करणार होतं, यार? आता तू मिठाचं वजनसुद्धा देऊन ठेवलंस!"

त्याच्यामागून कार्मेन – त्याची पत्नी – म्हणाली, "बरं झालं. आता कमिटी तो पॉट जप्त करो. माझं अर्धं कपाट त्याने अडवलंय."

रात्री विचार केला. माझे स्पष्टीकरण अचूक आहे. त्याचा परिणामही अचूक झाला आहे. कमिटीने ह्युबर्टकडे लेखी खुलासा मागितला असून पुरावा म्हणून माझेच पान जोडले आहे.

११ जानेवारी, रविवार

कमिटीची बैठक. मी निमंत्रित नव्हतो, गेलो.

हर्षद म्हणाले, "काका, लॉन मेंटेनच होत नाही. वाट लागली त्याची. पेव्हर ब्लॉक टाकून घेऊ, गाड्या लागतील. कटकट संपली." हर्षद यांच्या दोन गाड्या आहेत. ही माहिती आहे, आरोप नाही.

निर्णय १ मार्चच्या सर्वसाधारण सभेत होणार.

"आणि तोपर्यंत गवत हिरवे झाले तर?"

"मग बघू ना काका."

मी म्हणालो, 'बघू' हे इतिवृत्तात नोंदवा. सगळे हसले. कोणी नोंदवले नाही.

पेव्हर ब्लॉक म्हणजे फरशीच. खालीही फरशी, वरही फरशी. प्रेमाने पाय टाकायचा कुठे?

१३ जानेवारी, मंगळवार

हर्षदनी इंटरनेटवरून परदेशातल्या कुठल्याशा बागकामाच्या लेखाचा मराठी अनुवाद काढून फलकावर लावला आहे. अनुवाद यंत्राने केलेला. विषय – हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळवण्यासाठी टाकायचे मीठ आणि त्याचा हिरवळीवर होणारा परिणाम. उभ्याने वाचला. दोनदा.

सभासदांना त्यातून पुढील सूचना मिळतात. मीठ टाकण्यापूर्वी दारातला बर्फ फावड्याने उचलावा. उचललेला बर्फ हिरवळीवर रचू नये. पादत्राणे झटकून घरात यावे, म्हणजे कुत्र्याच्या पंजांना इजा होणार नाही. खाली हर्षदची सही – "सर्वांनी काटेकोर पालन करावे."

आज बोरिवलीत पंखा दोनवर होता.

तरीही लेख टाकाऊ नाही. त्यातला एक परिच्छेद उतरवून आणला. मीठ मातीतले पाणी धरून ठेवते, मुळांना घेऊ देत नाही. म्हणून ओल्या जमिनीतही गवत तहानेने मरते. उपाय दोन. मातीत जिप्सम मिसळावे. आणि भरपूर गोडे पाणी देऊन मीठ मुळांच्या खाली उतरवावे. लेख म्हणतो, हे वसंत ऋतूत करावे. माझ्याकडे १ मार्चपर्यंत मुदत आहे.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. हर्षदना तिळगूळ दिला. त्यांनीही दिला. दोघेही काही बोललो नाही, हेच गोड.

१६ जानेवारी, शुक्रवार

फितीच्या आत जाण्याची लेखी परवानगी मिळाली. अट – पिण्याचे पाणी वापरायचे नाही, बोअरचे वापरायचे.

नर्सरीतून जिप्सम आणले. ह्युबर्टने माती उकरली, मी टाकले. "तू टाकतोयस का मोजतोयस?" असे त्याने विचारले. मी दोन्ही करत होतो.

प्रेमाला एकटी ठेवणे मला नको वाटते. सकाळ-संध्याकाळ पाणी घालायच्या वेळी तिला कार्मेनकडे बसवून खाली उतरायचे, असे ठरले. दोन्ही दारे समोरासमोर. माझा हात धरून तेवढे येते. प्रेमा म्हणाली, "मी काय पार्सल आहे, इथून तिथे ठेवायला?" कार्मेन म्हणाली, "ये गं. मला बडबडायला कोणीतरी हवंच. हा ऐकत नाही."

२० जानेवारी, मंगळवार

डाग वाढले. जिथे पाणी जास्त घातले तिथे अधिक.

ह्युबर्टने नळीखाली ओंजळ धरली आणि चाखून थुंकला. "अरे, हे खारट आहे! खाडी केवढीशी लांब आहे इथून?"

म्हणजे आम्ही मीठ धुवायला मीठच घालत होतो. हे आधी चाखून पाहायला हवे होते. 

मी चाखले. बर्‍यापैकी खारट.

२१ जानेवारी, बुधवार

नवीन योजना. प्रत्येक घरात पाणी शुद्ध करणारे यंत्र आहे. प्रत्येक यंत्र जितके पाणी देते, त्याहून अधिक नळीवाटे मोरीत सोडते. ते वाया जाते. ते पिण्याचे पाणी नव्हे, बोअरचेही नव्हे, सबब परवानगीच्या भाषेत बसते.

दुपारी घरोघर बादल्या ठेवून आलो. निवृत्तीनंतर इतकी दारे मी वाजवलेली नाहीत. पुष्कळांना वाटले, त्यांच्या दारावरच्या पाटीतल्या चुका दाखवायला आलो आहे. एकाने दार उघडताक्षणी "सॉरी काका" म्हटले. कशाबद्दल, हे त्यालाही सांगता आले नाही.

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदनानंतर पाणी घालत होतो. प्रेमा वर कार्मेनच्या खिडकीत बसली होती. चहाच्या वेळी मला म्हणाली,

"अहो, ते यंत्र पाण्यातलं नको ते काढून कुठे टाकतं?"

"नळीतून बाहेर."

"मग नळीतल्या पाण्यात काय असतं?"

मी चहा खाली ठेवला.

पाच दिवस मी सबंध इमारतीचे क्षार गोळा करून त्या गवतावर ओतत होतो! मुद्रितशोधनात माझी हयात गेली. दुसर्‍याच्या पानावरचा एक काना माझ्या नजरेतून सुटत नसे. आणि हे सुटले.

"शिकलेल्या माणसांचं असंच," प्रेमा म्हणाली. मग मला बरे वाटावे म्हणून, "कार्मेनलाही सुचलं नव्हतं."

२७ जानेवारी, मंगळवार

तांदूळ-डाळी धुतलेले पाणी. नळाचे, गोडे, एकदा वापरून झालेले. परवानगीत बसते का? हर्षदना विचारले. ते म्हणाले, "काका, तुम्ही वकील व्हायला हवं होतं." मी हे संमतिदर्शक उत्तर धरले.

ह्युबर्ट आपल्या अंघोळीच्या दोन बादल्या हिरवळीला देतो. "मी एक दिवसाआड अंघोळ करतो. कार्मेनला सांगू नको." कार्मेन मागेच उभी होती. "सांगायला कशाला हवं? नाक आहे मला."

२९ जानेवारी, गुरुवार

आता रोज स्वयंपाकाच्या वेळेला फेरी. तिसर्‍या मजल्यावरच्या द्रौपदीबाई – मालवणच्या, वयाने माझ्याहून मोठ्या, मला नावाने हाक मारणार्‍या इमारतीतल्या दोघांपैकी एक – भांडे माझ्या बादलीत रिकामे करताना म्हणाल्या, "काय रे गुणाजी, गवताक जेवूक वाढतंस? मगे वायच आमटी पण घेवन जा!"

वर येऊन प्रेमाला हे त्यांच्याच सुरात सांगितले. ती पुष्कळ हसली. कार्मेनही. कार्मेनच्या घरभर जळलेल्या दुधाचा वास होता. मी विचारले तर दोघी पुन्हा हसू लागल्या. प्रेमाने डोळे पुसले.

बर्‍याच महिन्यांनी तिला असे हसताना पाहिले. द्रौपदीबाईंना उद्या सांगितले पाहिजे.

४ फेब्रुवारी, बुधवार

डाग वाढणे थांबले. हिरवे काही नाही.

श्रुतिका येऊन गेली. म्हणाली, "काकूंची मांडी भरली आहे. घरी चालवता वाटतं?" मी म्हणालो, हिरवळ बंद झाल्यापासून एक पाऊल नाही. तिने प्रेमाकडे पाहिले. प्रेमा गादीवरची सुरकुती सरळ करत होती.

११ फेब्रुवारी, बुधवार

अंकुर! ओघळाच्या कडेला, दोन ठिकाणी. चष्मा पुसून पुन्हा पाहिला. ह्युबर्टला खाली बोलावले. तो गुडघ्यांवर बसला आणि हसत सुटला.

"अरे, ही हरळी आहे! आपण विकत आणून लावलेलं कार्पेट नव्हे हे. माझा बाप जन्मभर ही शेतातून उपटत होता. शिव्या घालायचा हिला. वर एवढी बिल्डिंग बांधली तरी मेली नाही बघ."

कार्पेट गवत कायमचे गेले. त्याच्या जागी त्याच्या वडिलांची शत्रू येते आहे. मला चालेल. प्रेमाच्या तळव्याला दोन्ही सारखीच.

१५ फेब्रुवारी, रविवार

हर्षद फितीबाहेरून पाहून गेले. "काका, हे लॉन नाही. तण आहे."

"हिरवे आहे."

"तसं शेवाळही हिरवं असतं."

उत्तर सुचले नाही. आता, लिहिताना, सुचते आहे – भाद्रपदात हेच तण दूर्वा म्हणून बाजारात जुडीने विकत घेता, आणि देवाला वाहता! पण हर्षद झोपले असतील.

१८ फेब्रुवारी, बुधवार

हरळी पसरते आहे. वरून पाहिले तर ओघळ आता तपकिरी दिसत नाही, नुसता फिका दिसतो.

प्रेमाचा वॉकर आज कार्मेनकडे राहिला. रात्री मी जाऊन आणला. वॉकर तिथे राहून प्रेमा घरी कशी आली, हे विचारायचे राहून गेले. कार्मेनने हात धरून आणले असणार.

२३ फेब्रुवारी, सोमवार

सभासदांत दोन तट पडले आहेत. गाड्यावाले आणि बाकीचे. ज्यांच्या घरून मी तांदळाचे पाणी नेतो, त्यांतले काही गाड्यावालेही आहेत. ते पाणी देतात आणि मत देणार नाही म्हणतात. हा प्रामाणिकपणा मला आवडला.

ह्युबर्ट म्हणतो, "तू भाषण करू नको. करशील तर छोटं कर. आणि कोणाची वाक्यं दुरुस्त करू नको. प्लीज."

२८ फेब्रुवारी, शनिवार

भाषण लिहिले. तीन पाने. एका पानावर आणले.

प्रेमाला वाचून दाखवले. तिने विचारले, "यात माझं कशाला?" मी म्हणालो, हाच तर मुद्दा आहे. मग म्हणाली, "अहो, एक सांगायचं होतं." त्याच वेळी ह्युबर्टने घंटी वाजवली – त्याचा खुलासा तपासून हवा होता. त्यात दुरुस्त करण्यासारखे पुष्कळ होते. प्रेमा झोपून गेली.

१ मार्च, रविवार

सभा. गच्चीवर भरली, प्रेमा घरीच थांबली. सविस्तर लिहितो.

आधी ह्युबर्ट उभा राहिला. खुलासा हातात होता, वाचला नाही. "सॉरी. मीठ मी टाकलं. पुढच्या वर्षीपासून पॉट रॅम्पवर ठेवीन आणि पाणी स्वतः उचलून मोठ्या गटारात टाकीन. पण पॉट बंद करा असं म्हणू नका, यार. अजून कोणाकोणाचे हात दुखायचे बाकी आहेत." लोक हसले. टाळ्याही पडल्या.

मग हर्षदनी पेव्हर ब्लॉकचा ठराव मांडला. चित्रही आणले होते – चित्रात गाड्या, गाड्यांच्या मध्ये एक कुंडी.

मी उठलो. पान खिशातच राहिले. मी म्हणालो, "माझी पत्नी ऑगस्टपासून फरशीवर एकटीने एक पाऊलही टाकू शकलेली नाही. या इमारतीत ती फक्त एकाच जागी न धरता चालली आहे, आणि ती जागा म्हणजे खालची हिरवळ. तुम्ही तिथे फरसबंदी केलीत तर तिला चालायला जागा उरणार नाही. माझे म्हणणे इतकेच आहे. हे इतिवृत्तात माझ्या शब्दांत नोंदवावे."

कोणी हसले नाही. समोरच्या रांगेत कार्मेन पायांकडे पाहत होती. मला वाटले, गहिवरली असावी.

हात वर झाले. हर्षदनी मोजले, पुन्हा मोजले. ठराव पडला! दोन मतांनी. शेवटचा हात स्वतः हर्षदनी आपल्या ठरावाविरुद्ध वर केला. खाली उतरताना म्हणाले, "काका, काकूंचं आधी सांगायचंत ना. मी काय राक्षस आहे?"

मी त्यांना मनापासून धन्यवाद दिले. शब्द अपुरे पडले – माझ्या बाबतीत हे विरळा.

२ मार्च, सोमवार

फीत काढली. प्रेमा अनवाणी उतरली. हरळी टोचते, म्हणाली. बाकापर्यंत गेली, परत आली. खिडक्यांतून लोक पाहत होते. द्रौपदीबाईंनी वरून हात जोडले. प्रेमाने मान खाली घातली. लाजली असावी.

६ मार्च, शुक्रवार

संध्याकाळी पाणी घालायला उतरलो आणि झारी विसरली म्हणून लगेच परत वर गेलो. कार्मेनचे दार उघडे होते. पॅसेजमधून प्रेमा येत होती. दोन्ही हातांत चहाचा ट्रे. ट्रेवर तीन कप. पायाखाली लादी. वॉकर नाही, कोणाचा हात नाही, भिंतही नाही.

मला पाहून ती थांबली. कप हलले नाहीत.

"सांडेल," मी म्हणालो.

"नाही सांडत," ती म्हणाली. "रोज आणते."

कार्मेनने ट्रे घेतला आणि स्वयंपाकघरात निघून गेली. तिथून म्हणाली, "मी तुला किती वेळा म्हटलं सांग म्हणून, प्रेमा!"

आम्ही तिथेच पॅसेजमध्ये उभे. प्रेमाने सांगितले ते असे. एके दिवशी मी खाली असताना कार्मेन न्हाणीघरात होती आणि गॅसवर दूध उतू जाऊ लागले. "हाका मारल्या, तिला ऐकू जाईना. मग काय, बसून बघत राहायचं? उठले, गेले, गॅस बंद केला. परत फिरताना कळलं, मी लादीवर उभी आहे."

"केव्हा?"

"द्रौपदीबाईंनी तुम्हाला आमटी न्यायला सांगितली, त्या दिवशी."

"आणि मला सांगितले नाहीस."

"सांगणार होते. तुम्ही वर आलात ते त्यांची नक्कल करतच. निवृत्त झाल्यापासून कोणी काय बोललं ते तुम्ही मला सांगितलंय, ते फक्त त्यात चूक काय होती म्हणून. त्या दिवशी नुसतं सांगत होतात. हसत होतात. मी चालते असं कळलं असतं तर तुम्ही बादल्या ठेवून पुन्हा घरात बसला असतात. म्हटलं, गवत उगवेपर्यंत राहू दे."

"मी सभेत सर्वांसमोर काय बोललो, ते ठाऊक आहे का?"

"कार्मेनने सांगितलं. आदल्या रात्री मी तुम्हाला थांबवणार होते. तेवढ्यात ह्युबर्ट आला."

"ह्युबर्टला माहीत आहे?"

"त्याला कोण सांगतंय! त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही."

चहा थंड झाला होता. तिघांनी घेतला. मग मी झारी घेऊन खाली गेलो, कारण वेळ झाली होती.

७ मार्च, शनिवार

हर्षदनी सभेच्या इतिवृत्ताचा मसुदा पाठवला. सोबत निरोप – "काका, फायनल करायच्या आधी एकदा बघून द्या ना. नाहीतर तुम्ही फलकावर पेन्सिल घेऊन याल!"

तिसर्‍या पानावर माझे विधान आहे. माझ्याच शब्दांत. खाली, "वरील बाब विचारात घेऊन सभेने ठराव फेटाळला."

विधान खोटे आहे. मी ते खरे समजून केले, ही सबब मुद्रितशोधकाला नसते. चूक दिसली की खूण करायची. लेखकाचा हेतू पाहायचा नाही. अशी दुरुस्ती केली तर ठराव पुन्हा सभेपुढे येईल आणि ते दोन हात खाली येतील. पहिला हर्षदचा.

प्रेमाला विचारले. ती भाजी निवडत होती – ओट्याशी उभी राहून, आमच्या घरात, प्रथमच. म्हणाली, "चुकीचं आहे ते चुकीचंच. खोडून टाका हवं तर. मी आता पेव्हर ब्लॉकवरही चालेन."

आणि मग, माझ्याकडे न पाहता, "तुम्ही कुठे जाल रोज, तेवढं ठरवा."

८ मार्च, रविवार

सभेचे इतिवृत्त तपासले. चुकीच्या तारखा पुढीलप्रमाणे दुरुस्त केल्या.

आइस्क्रीमचा कार्यक्रम – ३१ डिसेंबर नव्हे, २७ डिसेंबर.

फाटकाजवळचे गटार बुजवले – जानेवारीत नव्हे, १८ नोव्हेंबरला. म्हणजे कार्यक्रमाच्या आधी.

हिरवळीभोवती फीत – १० जानेवारी नव्हे, ६ जानेवारी.

पहिला अंकुर – २० फेब्रुवारी नव्हे, ११ फेब्रुवारी.

सौ. प्रेमा फरशीवर एकट्या चालल्या – "अद्याप नाही" नव्हे, २९ जानेवारी. ही दुरुस्ती फक्त येथे.

मसुद्याच्या शेवटी लिहिले – "वरील चार तारखांव्यतिरिक्त चूक आढळली नाही." सही केली. हर्षदच्या हाती दिला, आणि बादल्या घेऊन तिसर्‍या मजल्यापासून सुरुवात केली.